जुने मोबाइल: पुण्यात द्यायचे कुठे, आणि देण्याआधी करायचं काय

मुळाकाठ

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून, कपाटांतून जुने मोबाइल निघतात. काही रद्दीवाल्याच्या गोणीत जातात, काही सुक्या कचऱ्याच्या डब्यात, आणि उरलेले "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून परत खणात. तिन्ही वाटा चुकीच्या आहेत, पण प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

सुक्या कचऱ्यात टाकलेला फोन वर्गीकरणाच्या शेडमध्ये कुणाच्या हाती लागला तर वाचतो. नाही लागला तर कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबून नेणाऱ्या गाडीत, दाबला जातो. लिथियम-आयन बॅटरी चेपली की तिच्या आतला पातळ पडदा फाटतो, दोन्ही ध्रुवांच्या पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि आग लागते. गाडीत भोवती सगळा कागद आणि प्लास्टिकच असतं. भंगारात गेलेल्या फोनचा बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, हातोहात वर सरकत दिल्लीच्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या ठिकाणी पोचू शकतो. तिथे उघड्यावर बोर्ड जाळणं आणि ॲसिडात बुडवणं वर्षानुवर्षं चालत आलंय. खणातला फोन लगेच कुणाला इजा करत नाही, पण त्याचं मोल रोज कमी होतं. आज तो दुरुस्त होऊन आणखी दोन-तीन वर्षं कुणी वापरू शकेल, तीन वर्षांनी मात्र फक्त वितळवायच्या लायकीचा उरेल.

म्हणून आधी घरातल्या फोनचे तीन ढीग करा. चालू असलेले, बंद पण अंगाने सपाट असलेले, आणि फुगलेले. फुगलेला म्हणजे मागचं झाकण उचललं गेलंय, पुढची स्क्रीन कडेने सुटलीय, किंवा टेबलावर ठेवला तर फोन डुलतो. हा तिसरा ढीग आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आता पुण्यात देण्याच्या जागा. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते आणि ई-कचरा वेगळा घेते. दारावर येणाऱ्या ताईंना आधी सांगून फोन त्यांच्या हातात द्या, डब्यात टाकू नका. पूर्णम इकोव्हिजन ही संस्था शहरात ई-कचरा आणि प्लास्टिक संकलनाच्या मोहिमा घेते, त्यांच्या तारखा पाहून ठेवाव्यात. तिसरी वाट फोनच्या कंपनीची. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याचं रिसायकलिंग करून घेण्याची जबाबदारी त्यांनी कंपनीवर टाकली आहे. हीच ती 'ईपीआर', म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. बहुतेक मोठे ब्रँड सर्व्हिस सेंटरवर जुना फोन घेतात. चौथी वाट म्हणजे थेट नोंदणीकृत रिसायकलर, पण दोन-चार फोनसाठी तो गाडी पाठवणार नाही. ती सोसायटी किंवा ऑफिससाठी.

घेणारा कुणीही असो, एवढं विचारा: माल पुढे कोणत्या रिसायकलरकडे जातो, त्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे का, आणि पावती मिळेल का. मंडळाच्या ईपीआर पोर्टलवर नोंदणीकृतांची यादी सगळ्यांना पाहता येते. एक खाचखळगा लक्षात ठेवा. २०१६च्या नियमांत 'डिस्मँटलर'ला, म्हणजे उपकरणं उघडून सुटी करणाऱ्याला, वेगळी परवानगी होती. २०२२च्या नियमांत नोंदणी फक्त चौघांची: मॅन्युफॅक्चरर (माल बनवणारा), प्रोड्यूसर (आपल्या ब्रँडने विकणारा), रिफर्बिशर (दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) आणि रिसायकलर. कुणी जुनं डिस्मँटलरचं प्रमाणपत्र दाखवलं तर ते आजच्या नोंदणीचा पुरावा नाही.

डेटा, बॅटरी वगैरे विषयांवर जाणकारांनी भर घालावी.


टिनलेड

डेटाबद्दल लिहितो, कारण "आतले फोटो कुणी काढले तर?" या एका भीतीपायी निम्मे फोन घरात अडकलेले असतात.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी ऑथेंटिकेटर ॲपमधले (लॉगिनसाठी दर वेळी नवा कोड देणाऱ्या ॲपमधले) कोड नव्या फोनवर न्या. हे विसरलं आणि फोन पुसला की ते कोड गेलेच, मग प्रत्येक खात्याशी झगडत बसावं लागतं. नंतर व्हॉट्सॲपचा बॅकअप, यूपीआय आणि बँकेच्या ॲपांतून नोंदणी काढणं, डिजिलॉकरमधून लॉगआउट. मग सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढा. ट्रेमधलं मायक्रोएसडी कार्ड हमखास राहतं आणि ते बहुतेक वेळा एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात, नसतं. फोन कितीही नीट पुसला तरी कार्ड कुणीही वाचू शकतो. ईसिम (फोनमध्येच असलेलं, कार्डाशिवायचं सिम) असेल तर पुसताना 'ईसिमही काढायचं का' असं विचारलं जातं, तिथे हो म्हणा.

मग खाती काढा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, खाती, गूगल खातं काढा; सॅमसंग किंवा शाओमीचं वेगळं खातं असेल तर तेही. स्क्रीन लॉक काढा. यानंतरच सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट. आयफोनमध्ये 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून साइन आउट, मग 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'.

खातं न काढता आवाजाचं आणि पॉवरचं बटण दाबून रिकव्हरीतून रीसेट मारला तर फोन 'एफआरपी लॉक'मध्ये अडकतो, म्हणजे जुन्या गूगल खात्याने लॉगिन केल्याशिवाय उघडतच नाही. अँड्रॉइड ५.१ पासून हे संरक्षण आहे. चोराला अडवण्यासाठी ते उत्तमच, पण दान दिलेला चांगला फोनही त्यामुळे 'लॉक सेट' बनतो. रिफर्बिशर तो कुणाला देऊ शकत नाही, सुटे भाग काढून बोर्ड भंगारात जातो. चालू फोन वाया जाण्याचं हे फार मोठं आणि अगदी टाळता येणारं कारण आहे.

पुसलेला डेटा परत येतो का? अँड्रॉइड ६ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह आलेले बहुतेक फोन मुळातच एन्क्रिप्टेड असतात. रीसेटमध्ये किल्ली नष्ट होते आणि मेमरीत उरतो तो न उलगडणारा मजकूर. त्याहून जुना फोन असेल तर रीसेट करा, मग कॅमेऱ्यातून भिंतीचा व्हिडिओ मेमरी भरेपर्यंत घ्या, म्हणजे जुन्या डेटावर नवा लिहिला जातो, आणि पुन्हा रीसेट करा.


नागझरी

टच गेलेला किंवा अजिबात सुरू न होणारा फोन असेल तर? त्यात ड्रिलने भोक पाडून द्यावं, असं एका व्हिडिओत सांगितलंय.


टिनलेड

ड्रिल अजिबात नको. बॅटरी आत चिकटवलेली असते आणि बाहेरून तिची कड नेमकी कुठे आहे ते कळत नाही. भोक बॅटरीत गेलं तर हातातच पेट घेईल. शिवाय डेटा असतो तो एका छोट्या मेमरी चिपमध्ये, त्यामुळे भोक तिथेच पडेल याचाही भरवसा नाही.

फक्त टच गेला असेल आणि चित्र दिसत असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनना ओटीजी जोडणीतून (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या अडॅप्टरने) साधा यूएसबी माउस जोडता येतो. माउसने पिन टाका आणि वरची सगळी कामं करा. पडदाच काळा असेल तर दुरुस्तीवाल्याकडे जुना 'फोल्डर' म्हणजे काच आणि डिस्प्ले जोडलेला संच तात्पुरता लावून पाहता येतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास हे काम जाणणारे कारागीर आहेत. काम समोर उभं राहून करून घ्या.

आयफोन बंद पडला असेल तर दुसऱ्या यंत्रावरून आयक्लाउडमध्ये जाऊन तो खात्यातून काढता येतो. पूर्ण डेड सेट असेल तर रिसायकलरकडून 'डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र' मागा. त्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवा. तो सिम ट्रेवर, मागच्या झाकणावर किंवा खरेदीच्या बिलावर सापडतो. चालू फोनवर *#०६# दाबलं की दिसतो.

आणखी एक. हरवला म्हणून संचार साथीच्या सीईआयआरवर (हरवलेले फोन बंद करण्याच्या सरकारी सोयीवर) ब्लॉक केलेला आणि पुढे सापडलेला फोन असेल तर देण्याआधी तिथेच अनब्लॉक करा. नाहीतर पुढच्या माणसाच्या हातात तो नेटवर्कच पकडणार नाही.


लिथियम

फुगलेल्या बॅटरीवर सविस्तर लिहितो, कारण या सगळ्यात तातडीचा धोका तोच आहे.

बॅटरीच्या आत एका बाजूला तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, मध्ये सच्छिद्र पडदा आणि सगळं भिजवणारं ज्वलनशील द्रावण. त्या द्रावणात लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट नावाचा क्षार असतो. उष्णतेने आणि वयाने द्रावण विघटित होऊन वायू बनतो आणि चांदीच्या रंगाची पिशवी फुगते. रात्रभर चार्जिंगला आणि वर उशीखाली, किंवा एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर, अशाने हे लवकर होतं.

फुगलेली दिसली तर चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. टाचणीने वायू सोडणं तर सर्वांत घातक. बॅटरी चिकटवलेली असेल तर उचकटू नका, पूर्ण फोनच तसा द्या. जुन्या पद्धतीची, नखाने निघणारी बॅटरी असेल तर ती काढून धातूच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. मग पत्र्याच्या डब्यात तळाला दोन-तीन इंच कोरडी वाळू, त्यावर फोन, वर पुन्हा तेवढीच वाळू. झाकण नुसतं टेकवा, घट्ट लावू नका. वायूला वाट हवी. डबा पडदे, गॅस सिलिंडर, मीटर आणि दुचाक्यांपासून लांब, सावलीत, पावसाचं पाणी येणार नाही असा. आठवड्याच्या आत पुढे द्या.

धूर निघू लागला तर आधी खोलीतली माणसं बाहेर, खिडक्या उघड्या, १०१ला फोन. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो आणि तो फुप्फुसांना जाळतो. नेहमीच्या अग्निशामक नळकांड्यातल्या एबीसी पावडरने ज्वाळा विझलेली दिसते, पण आतली उष्णता उतरत नाही आणि बॅटरी पुन्हा पेटते. थंड करायला भरपूर पाणीच लागतं.

फुगलेला फोन कुरिअरने पाठवू नका. खराब झालेल्या लिथियम बॅटरीला विमानात बंदी आहे आणि कुरिअरचं पार्सल कोणत्या वाटेने जाईल ते आपल्या हातात नसतं. सर्व्हिस सेंटर किंवा संकलन केंद्रात आधी विचारून हातानेच नेऊन द्या.


पर्वती पायथा

बॅटरी देण्याआधी मिठाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवली की निर्धोक होते, असं वाचलंय. करावं का?


लिथियम

घरी नको. मिठाच्या पाण्यात टोकांवर विद्युत-विघटन सुरू होतं. हायड्रोजन निघतो, थोडा क्लोरीनही, आणि टोकंच गंजून तुटतात. टोकं तुटली की वाट बंद होते आणि आतला उरलेला चार्ज तसाच अडकून राहतो. व्होल्टमीटर लावला तर शून्य दाखवतो म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि नेमका तिथेच फसतो. फुगलेल्या पिशवीला चीर असेल तर पाणी आत जाऊन फ्लोराइडची आम्लं तयार होतात. शेवटी ते धातूमिश्रित पाणी मोरीत ओतलं जातं, ते आणखी वेगळं. कारखान्यात हेच काम नियंत्रित रोधावर (रेझिस्टरमधून चार्ज सावकाश उतरवून) किंवा बंद टाकीत, वायू शोषून घेणाऱ्या व्यवस्थेसह होतं.

घरी करण्यासारखं एवढंच: फोन चालू आणि सपाट असेल तर देण्याआधी वापरून चार्ज २० ते ३० टक्क्यांवर आणा. चार्ज जितका कमी, तितकी अपघातात बाहेर पडणारी ऊर्जा कमी. ४००० एमएएचची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १५ वॉट-तास ऊर्जा धरते.

आणि वर्षानुवर्षं खणात पडलेला फोन फोटो काढून घेण्यासाठी चार्ज करायचा असेल तर फरशीवर ठेवून, साध्या ५ व्होल्ट १ अँपिअरच्या चार्जरने, समोर बसून. पार उतरलेल्या बॅटरीत तांबं विरघळून भलत्या जागी साचलेलं असू शकतं आणि जलद चार्जिंगमध्ये तिथेच आतून शॉर्ट होतो. गरम लागला की लगेच काढा.


वडगावशेरी

मोबाइलच्या पडद्यात पारा असतो म्हणून फुटलेला पडदा हाताळू नये, हे खरं का?


टिनलेड

मोबाइलच्या पडद्यात पारा नसतो. पारा असायचा तो जुन्या लॅपटॉप आणि एलसीडी मॉनिटरच्या मागच्या बारीक ट्यूबमध्ये. मोबाइलला एलईडीचा प्रकाश असतो किंवा पडदा ओलेड, म्हणजे स्वतःच उजळणारा, असतो. फुटलेल्या काचेची काळजी हात कापू नये म्हणून. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून द्या.

मोबाइलमधली खरी विषं अशी. जुन्या बोर्डांवरच्या सोल्डरमध्ये, म्हणजे सुटे भाग बोर्डाला जोडणाऱ्या धातूत, शिसं: टिन-लेड सोल्डरमध्ये सुमारे ३७ टक्के शिसं असतं. नव्या फोनमध्ये टिन-चांदी-तांब्याचं सोल्डर असतं, आणि नियमांनुसार एकजिनसी पदार्थात वजनाने शिसं ०.१ टक्क्याच्या वर, कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही. बोर्डच्या पाट्यात आग रोखण्यासाठी ब्रोमीनची संयुगं असतात. ती शांत पडून असताना त्रास देत नाहीत, पण कमी आचेवर उघड्यावर जाळली की डायॉक्सिन-फ्युरानच्या जातीचे विषारी पदार्थ तयार होतात. काही स्प्रिंग-संपर्कांत बेरिलियमयुक्त तांबं असतं, ते घासलं-दळलं तर धूळ फुप्फुसात जाते. म्हणजे फोन हातात धरण्याचं भय नाही. भय आहे तो फोडण्याचं, जाळण्याचं आणि ॲसिडात टाकण्याचं.


नागझरी

सोन्याचं काय? घरच्या घरी बोर्डातून सोनं काढण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरताहेत. कॉलेजची मुलं करून बघतात.


लिथियम

हिशेबच मांडू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा (ईपीए) नेहमी दिला जाणारा आकडा असा: १० लाख फोनमधून साधारण ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी, १५ किलो पॅलेडियम आणि १६ टन तांबं. म्हणजे एका फोनमागे ३४ मिलिग्रॅम सोनं. शंभर फोन जमवले आणि एक कणही वाया गेला नाही तरी ३.४ ग्रॅम. घरी यातला बराच भाग हाती लागत नाही, कारण दिसणारा पिवळा मुलामा थोडा आणि चिपांच्या आत गाडलेलं सोनं वेगळंच.

आता ॲसिड. सोन्याआधी तांबं विरघळतं. त्या शंभर फोनमध्ये १.६ किलो तांबं, त्यातलं निम्मं बोर्डवर धरू, ८०० ग्रॅम. तीव्र नायट्रिक ॲसिडने ते विरघळवायला बाजारातलं ६८-७० टक्क्यांचं ॲसिड साडेचार किलोच्या वर लागतं, आणि त्यातून एक किलोहून जास्त नायट्रोजन डायॉक्साइड निघतो. तो तपकिरी वायू श्वासात गेला तर त्या वेळी नुसता खोकला येतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. माणूस रात्री झोपायला जातो तेव्हा त्याला बरं वाटत असतं. या एका गोष्टीसाठी तरी मुलांना हे करू देऊ नका. उरलेलं निळं-हिरवं, तांबं आणि शिसं भरलेलं आम्ल गटारात जातं आणि तिथून मुठेत.

मोठ्या कारखान्यात बोर्ड थेट वितळवणाऱ्या भट्ट्यांमध्ये जातात. बेल्जियममध्ये होबोकेनला, स्वीडनमध्ये रनस्कारला अशा भट्ट्या आहेत. तिथे तांबं हेच सोनं-चांदी-पॅलेडियम गोळा करतं, आणि धूर तापवून, झटक्यात थंड करून, धुऊन मगच सोडतात. भारतात बरेच जण बोर्ड दळून रासायनिक पद्धतीने धातू काढतात. चांगल्या आणि वाईट कारखान्यातला फरक धातू किती काढले यापेक्षा धुराचं आणि पाण्याचं काय केलं इथे जास्त दिसतो.


ग्रेड बी

रिफर्बिशिंगच्या बाजूने भर घालतो. फोन वितळवणं ही शेवटची पायरी असावी. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, वापरताना नाही. म्हणून बॅटरी बदलून आणखी दोन वर्षं चालवलेला फोन पर्यावरणासाठी उत्तम रिसायकलिंगपेक्षाही मोलाचा.

काय दुरुस्त होतं? बॅटरी, चार्जिंगची पट्टी, स्पीकर, पडदा. पडदा मूळचाच असेल आणि फक्त वरची काच फुटली असेल तर चांगलंच. पाण्यात पडलेला आणि बोर्डवर हिरवा गंज चढलेला फोन बहुधा सुट्या भागांसाठीच जातो. ४जी व्होल्टे (४जी नेटवर्कवरूनच बोलण्याची सोय) नसलेले स्मार्टफोन दुरुस्त करूनही फारसे चालत नाहीत, ते सरळ रिसायकलिंगला.

देताना फोनची गड्डी करून रबर लावतात, ते करू नका. बटणं दाबली जातात, काच काचेवर घासते आणि चांगला पडदा वाटेत ओरखडतो. एकेक फोन कागदी पाकिटात घालून वर 'चालू', 'बंद' किंवा 'फुगलेला' एवढं लिहा. सोबत दोष लिहिलात तर तपासणीचा बराच वेळ वाचतो: 'चार्ज होत नाही', 'आवाज येत नाही'.


पर्वती पायथा

मग भंगारवाल्याला द्यायचाच नाही का? त्यांचं पोट यावरच आहे. जुन्या बाजारात तर सुटे भागही मिळतात आणि कितीतरी फोन त्यावर जगतात.


मुळाकाठ

प्रश्न रास्त आहे. गोळा करणाऱ्या माणसाला वगळून पुण्यातला कचरा हललेला नाही. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली ती याच श्रमाला ओळख मिळवून देण्यासाठी, आणि पुढे 'स्वच्छ' त्यातूनच आली. गोळा करणं, वेगळं करणं, दुरुस्तीसाठी सुटे भाग काढणं या कामात विष नाही, कौशल्य आहे. अडचण येते ती त्यानंतर. बोर्ड, तांबं आणि चांगला पडदा असे पैसे देणारे भाग निघतात. चिकटलेली बॅटरी, काच आणि प्लास्टिक यांचे पैसे येत नाहीत म्हणून ते उघड्यावर पडतात किंवा जळतात.

आणि हा दोष एकट्या भंगारवाल्याच्या माथी मारता येणार नाही. ईपीआरची प्रमाणपत्रंसुद्धा सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चारच धातूंवर बेतलेली आहेत. नोंदणीकृत कारखान्यालाही उरलेल्या मालाची ओढ कमीच. बॅटऱ्यांसाठी २०२२चे वेगळे नियम आहेत, त्यामुळे बॅटरी वेगळी पोचली तरच कोबाल्ट-लिथियम परत मिळण्याची आशा. म्हणून माझा आग्रह असा: तुमच्या ओळखीचा भंगारवाला असेल तर त्याला लोखंड, कागद, बाटल्या जरूर द्या. मोबाइल द्यायचा असेल तर तो पुढे कुठे देतो ते विचारा, आणि त्याला 'स्वच्छ' किंवा नोंदणीकृत रिसायकलरशी जोडून द्या. त्याचा धंदा राहील आणि बोर्ड भट्टीपर्यंत नीट जाईल.


वारजेकर

आमच्या २२० सदनिकांच्या सोसायटीत एक दिवसाची मोहीम घ्यायची आहे. तयारी कशी करावी? पेटी कायमची ठेवली तर?


मुळाकाठ

कायमची पेटी ठेवू नका. कुणीतरी फुगलेला फोन टाकतं, वर कुणी किल्ल्या आणि सेल टाकतं, आणि पेटी असते जिन्याखाली मीटरच्या शेजारी. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद. एक दिवस, चार तास, आणि त्याच संध्याकाळी गाडी, असंच ठरवा. गाडी नक्की झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. बहुतेक मोहिमा इथेच अडतात आणि माल महिनाभर क्लब हाउसमध्ये पडून राहतो.

अंदाजासाठी: फोन सरासरी १८० ग्रॅम धरा. दीडशे फोन आले तर २७ किलो. पण चार्जर, केबल, हेडफोन, राउटर यांचं वजन बहुधा फोनपेक्षा जास्त भरतं, त्यामुळे घेणाऱ्याला आधीच 'मिश्र ई-कचरा, शंभर किलोच्या आसपास' असं सांगा.

मांडणी अशी. सावलीतलं टेबल, तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही. झाकणाचे तीन प्लास्टिक क्रेट: चालू फोन, बंद फोन, चार्जर-केबल. सुट्या बॅटऱ्या आणि फुगलेले फोन यांच्यासाठी पत्र्याची पेटी, अर्धी कोरड्या वाळूने भरलेली, टेबलापासून दहा-पंधरा फुटांवर. जवळ वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याचा नळ किंवा पाईप. इन्सुलेशन टेपची चार रिळं, कागदी पाकिटं, मार्कर. दोन स्वयंसेवक पुरतात, पण त्यातल्या एकाला फुगलेला फोन ओळखता आला पाहिजे. फोन कुणीही उघडायचा नाही.

नोंदवहीत सदनिका क्रमांक, वस्तू, संख्या आणि सही एवढं पुरे. खाती काढली का, हे तिथेच विचारा; नसतील तर टेबलावर वायफाय देऊन काढून घ्या. या एका कामाने चालू फोन 'लॉक सेट' होण्यापासून वाचतात. गाडी आली की समोर वजन करून पावती घ्या, तिच्यावर रिसायकलरचं नाव आणि नोंदणी क्रमांक. रिसायकलिंगचं प्रमाणपत्र नंतर येतं. नियमांत साठवणुकीची मुदत १८० दिवस आहे, त्यामुळे सहा महिने झाले की पाठपुरावा करा. पावतीवरचं आणि प्रमाणपत्रावरचं वजन जुळवून पाहा.


वारजेकर

छान, यादी समितीला देतो. यात काही मोठी ऑफिसंही येऊ शकतात का? आमच्या शेजारी आयटी पार्क आहे.


मुळाकाठ

त्यांना वेगळं ठेवा. वर्षात कोणत्याही वेळी यादीतली १००० किंवा अधिक उपकरणं वापरणारी संस्था नियमांत 'बल्क कन्झ्युमर' ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत प्रोड्यूसर, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो. त्यांचा माल सोसायटीच्या पावतीत मिसळला तर दोघांचे कागद बिघडतील.


टिनलेड

केबलबद्दल राहिलं. तांब्यासाठी केबल जाळतात, आणि पीव्हीसीचं आवरण जळताना क्लोरीनमुळे डायॉक्सिन बनतात. सोसायटीच्या मागे सुकलेल्या पानांबरोबर केबल जाळणारे दिसले तर थांबवा. चांगले चार्जर मात्र भंगारात घालू नका. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला अजून खूप मागणी आहे. चालतो का ते पाहून चालू फोनबरोबर त्याच पाकिटात ठेवा.


वडगावशेरी

घरच्या लँडलाइनचा कॉर्डलेस हँडसेट आणि जुनी पॉवर बँक, हेही याच पेटीत चालेल का?


लिथियम

कॉर्डलेसच्या हँडसेटचं झाकण उघडून आतल्या सेलवरचं लेबल बघा. 'एनआय-सीडी' लिहिलं असेल तर त्यात कॅडमियम आहे. तो विषारी धातू आहे, मूत्रपिंडात साठतो. ते सेल टोकांना टेप लावून वेगळ्या पाकिटात घाला आणि वर 'कॅडमियम' लिहा. 'एनआय-एमएच' असेल तर त्यात कॅडमियम नाही, पण टेप तरीही लावाच.

पॉवर बँकमध्ये बहुधा फोनपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते आणि स्वस्त मालात संरक्षणाचं सर्किट कच्चं असतं. ती फोनच्या क्रेटमध्ये नको, वाळूच्या पेटीत. यूएसबीची खाच टेपने बंद करा, आणि सुरू होत असेल तर आधी जुना फोन चार्ज करून जितकी उतरवता येईल तितकी उतरवा. कवच फुगलं असेल तर उतरवायलाही जाऊ नका.